चेक देशात बिअरच्या गावांना जायचा बेत



येत्या ऑगस्टच्या शेवटी आम्ही सहा जण चेक देशात जाणार आहोत. मी, आमचे हे, धाकटे दीर आणि जाऊबाई, आणि दोन नातवंडं. कशासाठी, तर बिअरची गावं बघायला. हे ऐकल्यावर आमच्या बिल्डिंगमध्ये जी चर्चा झाली ती विचारू नका! एक शेजारीण म्हणाली, "या वयात बिअर प्यायला एवढ्या लांब?" मुलगा म्हणाला, "आई, बाबांना इन्सुलिन चालू आहे. तू जन्मभर नर्सचं काम केलंस आणि तूच असा बेत करतेस?"

मी नर्स आहे म्हणूनच बेत मी करते आहे. कोणा एजंटावर सोडला असता तर त्याने चार दिवसांत सात शहरं आणि रोज रात्री दोन पब दाखवले असते.

मूळ हौस ह्यांची. ह्यांनी तीस वर्षं इथल्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात बॉयलर आणि टाक्यांवर काम केलं. टीव्हीवर एकदा पिल्सेनचा कारखाना दाखवला तेव्हा खुर्चीतून उठून जवळ गेले. "अगं बघ, तांब्याचं भांडं, आणि खालून उघडी आच!" तेव्हापासून घोकत आहेत. यंदा ह्यांना ८० पूर्ण झाली. हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "जायचं असेल तर यंदाच जा. पुढच्या वर्षाचं मी सांगू शकत नाही. दिवसाला एक लहान ग्लास, तोही जेवणाबरोबर, त्यापुढे नाही." ह्याच मापावर सगळा प्रवास आखायचा ठरला. दिवसाला एकच लहान ग्लास मिळणार असेल तर तो कुठे प्यायचा, एवढाच प्रश्न उरला.

आता मुलांनो, आधी बिअर म्हणजे काय ते समजून घ्या. बिअर पिण्याचं तुमचं वय नाही, पण ती कशी करतात हे समजायला वयाची अट नाही. तुमच्या आजीने नाचणीचं सत्त्व केलेलं पाहिलं आहे का? नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, भाजून दळायची. बिअरवाले जवाचं तसंच करतात. मोड आलेले जव गरम हवेवर वाळवले की त्याला माल्ट म्हणतात. मोड आल्याने दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात, जी कोमट पाण्यात पिठाची साखर करतात. माल्ट भरडून पाण्यात मुरवला की गोड काढा निघतो. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून उकळतात. त्यांनी कडूपणा आणि वास येतो आणि पेय टिकतं. मग गार करून यीस्ट घालतात. यीस्ट साखर खाऊन दारू आणि बुडबुडे करतं. पाणी, माल्ट, हॉप्स, यीस्ट, एवढंच सामान. आपल्या इस्रायलमध्ये जी काळी गोड माल्ट मिळते, बाळंतिणीला दूध येतं म्हणून घरोघरी पाजतात ती, तिचं घराणं हेच. (दूध खरंच वाढतं का, हे मला प्रसूतिवॉर्डात शेकडो आयांनी विचारलं असेल. मी म्हणायची, बाळाला वारंवार छातीशी घ्या आणि माल्ट आवडत असेल तर प्या.)

चेक भाषेत बिअरला 'पिवो' म्हणतात. हा शब्द त्यांच्या पिण्याच्या क्रियापदावरून आला आहे, आणि ते क्रियापद आणि आपलं 'पिणे' हे दूरचे चुलतभाऊ आहेत. लहान ग्लास म्हणजे 'माले पिवो', तीनशे मिलिलिटर. मोठा अर्ध्या लिटरचा. हा शब्द मी ह्यांच्याकडून रोज म्हणवून घेते आहे, 'माले, माले'.

बेतात पहिलं गाव पिल्सेन. चेक लोक त्याला प्लझेन्य म्हणतात. प्रागहून रेल्वेने साधारण दीड तास. हे गाव १२९५ साली राजा दुसरा व्हाक्लाव्ह याने वसवलं आणि गावातल्या घरमालकांना बिअर करायचा हक्क दिला. त्यामुळे ज्याची त्याची वेगळी बिअर, कधी चांगली, कधी आंबलेली. १८३८ साली लोक इतके चिडले की ३६ पिंपं खराब बिअर नगरपालिकेच्या इमारतीसमोर रस्त्यावर ओतून दिली. रागावून ओतली आणि गप्प बसले असं झालं नाही. हक्कवाले नागरिक एकत्र आले, सर्वांचा मिळून एक कारखाना काढला आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला.

ग्रोलने ५ ऑक्टोबर १८४२ रोजी पहिला घाणा चढवला. बव्हेरियातली रीत अशी, की यीस्ट थंडीत तळाशी बसून हळूहळू काम करतं आणि बिअर गार तळघरात महिनोन्‌महिने मुरते. ती रीत त्याने इथे आणली. माल्ट मात्र इंग्लंडमध्ये वापरत तशा भट्टीत वाळवलं, जिथे धूर दाण्याला लागत नाही, म्हणून ते फिकट राहिलं. हॉप्स जवळच्या झातेत्स भागातले. आणि पिल्सेनचं पाणी अतिशय मृदू. आपल्याकडे किटलीच्या तळाला पांढरा थर बसायचा तो आठवतो ना? तसे क्षार तिथल्या पाण्यात फारच कमी. अशा पाण्यात हॉप्सचा कडूपणा जिभेला टोचत नाही. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात लोकांनी पिंप उघडलं तर आत सोनेरी, स्वच्छ, आरपार दिसणारी बिअर! तोवर लोकांना गढूळ किंवा काळसर बिअरच माहीत होती. आज जगात ज्या बहुतेक पिवळ्या बिअर विकल्या जातात त्या सगळ्या याच घराण्यातल्या, पिल्स किंवा पिल्सनर नावाच्या. म्हणून १८९८ साली पिल्सेनवाल्यांना 'मूळ झरा' अशा अर्थाचं नाव नोंदवावं लागलं. जर्मनमध्ये पिल्सनर उर्केल, चेकमध्ये प्लझेन्यस्की प्राझद्रोय. कंपनी २०१७ पासून जपानच्या असाहीच्या मालकीची आहे, पण कारखाना जागचा हललेला नाही.

तो कारखाना रेल्वे स्टेशनापासून चालत जाण्याजोगा आहे. वाटाड्याबरोबर आत फिरवतात, इंग्रजीतही. ह्यांना जे बघायचं आहे ते म्हणजे काढा उकळायची पद्धत. मोठ्या भांड्यातला थोडा भाग काढून वेगळ्या तांब्याच्या भांड्यात उकळायचा आणि परत मूळ भांड्यात ओतायचा, म्हणजे सगळ्याचं तापमान एक पायरी चढतं. असं तीन वेळा. थर्मामीटर नव्हते तेव्हाची ही युक्ती. आता यंत्रं आली तरी पिल्सेनने ती सोडली नाही, कारण त्या उकळण्याने चवीला जो भाजकेपणा आणि दाटपणा येतो तो दुसऱ्या रीतीने येत नाही असं त्यांचं म्हणणं. दीर म्हणतात, "इंधन किती जळत असेल!" दोघा भावांचा यावर तासभर वाद झाला.

नातवंडांसाठी तिथे एक लिफ्ट आहे, ७२ माणसं एका वेळी मावतील एवढी. माझ्या गुडघ्यांसाठीही तीच. मग तळघरं. कारखान्याखाली सुमारे ९ किलोमीटर भुयारं हातांनी खोदलेली आहेत. बर्फाच्या जोरावर तिथे बिअर गार ठेवत. आता मुख्य काम पोलादी टाक्यांत होतं, पण थोडी बिअर अजून जुन्या रीतीने ओकच्या लाकडी पिंपांत मुरवतात आणि पाहुण्यांना त्या पिंपातून देतात, न गाळलेली, न तापवलेली. ही चव बाटलीत कुठेही मिळत नाही. त्या दिवसाचा ह्यांचा ग्लास हाच.

तळघरात फ्रिजसारखी थंडी आणि ओली फरशी. बाहेर ऑगस्टचं ऊन असलं तरी स्वेटर, लोकरी मोजे आणि रबरी तळाचे बूट न्यायचेच. हाडं मोडलेली आजीबाई परदेशातल्या हॉस्पिटलात कशी दिसते ते मी पाहिलं आहे.

पिल्सेनमध्ये आम्ही तीन रात्री राहणार. गावात बिअरचं म्युझियम आहे, जुन्या हक्कवाल्या घरातच भरवलेलं. तिथूनच गावाखालच्या जुन्या भुयारांत नेतात. तिकडे जाऊबाई मुलांना घेऊन जातील, आम्ही म्हातारे वर बाकावर बसू. मुलांसाठी टेकमानिया नावाचं विज्ञानकेंद्र आहे, तिथे एक दिवस ठेवला आहे. १८९३ चं मोठं सिनेगॉगही गावाच्या मध्यभागी आहे, ते पाहिल्याशिवाय आपण परत येणार नाहीच.

आता ग्लास भरण्याविषयी, कारण एका ग्लासात भागवायचं असेल तर हे कळायला हवं. आपल्याकडे ग्लासात फेस दिसला की गिऱ्हाईक भांडतं. तिथे फेस नसेल तर भांडतात. फेस ओला, सायीसारखा हवा. तो झाकणासारखा बसतो आणि खालची बिअर शिळी होऊ देत नाही. नळावर जो माणूस उभा असतो तो साधा वेटर नव्हे, त्याची कसब असलेला कारागीर म्हणून किंमत आहे. नेहमीच्या ग्लासाला 'ह्लादिंका' म्हणतात, आधी फेस आणि त्याखाली बिअर भरलेली. 'श्निट' म्हणजे मोठ्या ग्लासात थोडी बिअर, भरपूर फेस आणि वर रिकामी जागा. हात मोठ्या ग्लासाला, पोटात लहान माप! हे कळल्यावर ह्यांचा चेहरा खुलला. तिसरा 'म्लीको', म्हणजे चक्क दूध. जवळजवळ सगळा फेसच, गोडसर, आणून ठेवल्याबरोबर प्यायचा.

पाटीवर १० किंवा १२ अंश लिहिलेले दिसेल. घाबरू नका, ते दारूचे टक्के नव्हेत. आंबवण्याआधी काढ्यात किती साखर आणि इतर सत्त्व होतं त्याचं ते माप. दहा अंशांच्या बिअरमध्ये दारू चार टक्क्यांच्या आसपास, बारामध्ये पाचच्या आसपास. आमच्यासाठी दहाची.

आणखी एक गोष्ट मधुमेहवाल्यांनी लक्षात ठेवावी. जुन्या पबमध्ये ग्लास रिकामा झाला की न विचारता दुसरा येतो आणि टेबलावरच्या कागदाच्या चिठ्ठीवर एक रेघ ओढली जाते. शेवटी रेघा मोजून पैसे. नको असेल तर पुठ्ठ्याची चकती ग्लासावर ठेवायची. आमच्या टेबलावरच्या चकत्या माझ्या ताब्यात राहतील.

पिल्सेनहून झातेत्स, रेल्वेने सुमारे दोन तास. जर्मनमध्ये याचं नाव झात्स. इथले हॉप्स जगभर जातात. इथे सातशेहून अधिक वर्षं हॉप्स लावतात, आणि २०२३ साली युनेस्कोने हे गाव आणि भोवतालची हॉप्सची शेतं जागतिक वारशात घेतली. शेतात सात मीटर उंचीचे खांब, त्यांवर तारा, आणि तारांवर चढलेल्या वेली. द्राक्षाचा मांडव माणसाच्या डोक्याइतका असतो, हा दुमजली घराएवढा. वेलीच्या मादी फुलांचे छोटे हिरवे कोन काढतात, चुरगळले की बोटांना पिवळी पूड लागते. तोडणी ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होते, म्हणूनच आम्ही ते दिवस निवडले. वेल कापून आणल्या की कोन लगेच वाळवावे लागतात, त्यामुळे सगळीकडे तो वास असतो. पूर्वी हे काम हातांनी चाले आणि शाळा-कॉलेजची मुलं त्यासाठी शेतांवर पाठवली जात. १९६४ साली त्यावर एक संगीतपटही निघाला, अजून लोकांच्या आवडीचा.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारच्या सुमारास तिथे तोडणीचा उत्सव असतो, दोचेस्ना नावाचा. गर्दी फार. आम्ही त्याआधी निघणार. जत्रा तरुणांनी करावी. शिवाय नव्याच्या सणाच्या आत घर आवरून ठेवायचं असतं. गावात हॉप्सचं मोठं म्युझियम आहे, गंधक देऊन हॉप्स टिकवायच्या गोदामांची उंच धुरांडी आहेत, आणि चौकात नगरपालिकेशेजारी जगातलं सर्वांत लहान हॉप्सचं शेत म्हणून एक वाफा राखला आहे. नातीने आताच सांगून ठेवलं आहे, फोटो तिथेच काढायचा.

झातेत्सचं आपल्याशी नातं दोन प्रकारचं आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या हॉप्सच्या व्यापारात यहुदी व्यापारी पुष्कळ होते. त्यांनी १८७० च्या दशकात बांधलेलं मोठं सिनेगॉग अजून उभं आहे. १९३८ नंतर तो समाज तिथे राहिला नाही. दुसरं नातं १९४८ चं. इस्रायल नुकतंच जन्मलेलं, शस्त्रं कोणी देईना, तेव्हा चेकोस्लोव्हाकियाने विकली, आणि ती याच गावाजवळच्या विमानतळावरून उडत आली. लढाऊ विमानांचे पंख सोडवून ती मोठ्या विमानांत भरत. या कामगिरीचं गुप्त नाव होतं बालाक, बायबलातल्या राजाचं, सिप्पोरच्या मुलाचं. सिप्पोर म्हणजे पक्षी हे आपल्या नातवंडांना सांगायला नको. मे ते ऑगस्ट, तीन महिने हे चाललं. तिथे आता विमानतळ नाही, कारखान्यांची वसाहत आहे. पण दीरांना त्या रस्त्याने टॅक्सी न्यायचीच आहे. ते म्हणतात, "इथला ग्लास मी उभा राहून पिणार." पिवोत, बसून पिवोत, मला हरकत नाही.

शेवटी प्राग, तीन रात्री. तिथल्या पबांविषयी पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, मी दोनच घेतले. एक 'उ फ्लेकू', १४९९ पासूनचा, स्वतःची काळी बिअर करणारा. संध्याकाळी तिथे पर्यटकांची झुंबड आणि अकॉर्डियन. आम्ही दुपारी जाऊन अंगणात बसणार. टेबलावर छोट्या ग्लासात औषधी दारू घेऊन येतात तिला आधीच नाही म्हणायचं, ती फुकट नसते. दुसरा म्हणजे ब्रेव्नोव्हचा मठ, ९९३ साली स्थापन झालेला. तिथे पुन्हा बिअर करू लागले आहेत, आणि मुलांना धावायला बाग आहे. 'सोनेरी वाघ' नावाचा प्रसिद्ध पब मी गाळला. तिथे लेखक बोहुमिल ह्राबाल रोज बसायचे, आणि जानेवारी १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष व्हाक्लाव्ह हावेल यांनी क्लिंटनना तिथे नेलं. पण नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या जागा ठरलेल्या, आणि मुलं घेऊन दारात ताटकळायचं कशाला? हावेल स्वतः १९७४ साली, सरकारच्या गैरमर्जीतले नाटककार असताना, त्रुत्नोव्हच्या बिअर कारखान्यात पिंपं ढकलायचं काम करत होते. त्यावर त्यांनी नाटक लिहिलं. ह्यांना त्रुत्नोव्हही हवं होतं. मी नकाशा दाखवला.

चेस्के बुड्येयोवित्सेही गळलं. तिथला बुडवार कारखाना १८९५ चा, सरकारी मालकीचा. अमेरिकेतल्या बडवायझरने ते नाव १८७६ पासून घेतलेलं, आणि दोघांची कज्जेदलाली शंभर वर्षांहून जास्त चालली. गोष्ट मजेची आहे, पण गोष्ट घरी बसूनही ऐकता येते.

वाचकांपैकी बरेच जण विचारतील, तेरेझिन? प्रागपासून साठेक किलोमीटर. जाणार आहोत. त्याला पूर्ण दिवस ठेवला आहे आणि त्या दिवशी बिअरचं काहीही नाही. सकाळी तेरेझिन आणि संध्याकाळी पब असे बेत सहलीच्या जाहिरातींत मी पाहिले. मला ते पटत नाही.

खाण्याचं थोडं अवघड आहे. पबमध्ये डुकराचं मांस पुष्कळ. बटाट्याचे 'ब्राम्बोराक' म्हणजे आपल्या किसाच्या थालीपिठासारखे, लसूण घातलेले, पण ते चरबीत तळले आहेत का हे विचारावं. तळलेलं चीज सगळीकडे मिळतं. आम्ही घरून शेव, खाकरे आणि पोहे नेणार, प्रागमध्ये कोशर जेवण मिळतं. मुलांसाठी 'कोफोला', कोकाकोलासारखं चेक पेय, १९६० पासूनचं, कमी गोड आणि जरा वनस्पतींच्या चवीचं. पबमध्ये तीही नळातून येते. २०१७ पासून पबमध्ये सिगारेटला बंदी आहे, त्यामुळे मुलांना नेता येतं.

आता औषधांचं, नर्सच्या नात्याने. इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर बिअरनंतर लगेच नव्हे, काही तासांनी, बहुधा झोपेत उतरू शकते, कारण लिव्हर दारूच्या मागे लागतं आणि साखर सोडायचं विसरतं. म्हणून रिकाम्या पोटी नाही, झोपण्याआधी साखर तपासायची, उशाशी गोड काहीतरी ठेवायचं. घाम, थरथर, बडबड दिसली तर चढली असं समजून झोपू देऊ नका, साखर बघा. रक्त पातळ करणारी औषधं आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घोटही घेऊ नये. गाउट असेल तर बिअरने अंगठा पेटतो. इन्सुलिन हातातल्या पिशवीत, सामानात नाही, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. ज्यांना मनाई आहे त्यांनी 'बिरेल' मागावी, बिनदारूची. चेक लोक स्वतःही ती पितात, गाडी चालवणारे तर पितातच, कारण तिथे ड्रायव्हरच्या रक्तात दारूचा थेंबही चालत नाही. आम्ही गाडी भाड्याने घेतलीच नाही. सगळीकडे रेल्वे, बस, टॅक्सी. ज्येष्ठांना रेल्वेच्या तिकिटात सवलत असते, पासपोर्ट दाखवून विचारा. पैसे कोरुनात, युरोत नाही.

तिकिटं काढून झाली आहेत. पिल्सेनच्या कारखान्याची वेळही सकाळची घेतली, म्हणजे जेवणाच्या आधी साखर तपासता येईल. ह्यांनी माझ्या सगळ्या अटी मान्य केल्या, एक सोडून. म्हणतात, "तळघरात मात्र मी माले पिवो म्हणणार नाही. तिथे पूर्ण ग्लास घेणार." तिथे पिंपातून सर्वांना चवीपुरताच लहान पेला देतात, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.